मास्तर डोंगर बघायचं ठरवतात

आमच्या भावोजींना सगळं शहर मास्तर म्हणतं. त्यांनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नाही. ते गाडी चालवायला शिकवत. छपरावर पाटी लावलेली एक छोटी पांढरी गाडी, शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तसेच ब्रेक आणि क्लच शेजारच्या सीटच्या पायाशीही बसवलेले, आणि त्या शेजारच्या सीटवर मास्तर. एवढीच त्यांची शाळा.

त्यांची बायको माझी सख्खी मोठी बहीण. ती दोघं दुसऱ्या मजल्यावर राहतात, तळमजल्यावर माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, आणि दुपारी आम्ही तिघं वर एकत्रच जेवतो. म्हणजे जे सांगणार आहे ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे, ऐकीव नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, उगाच ताणून धरायची मला सवय नाही. मास्तरांचा उजवा डोळा जवळजवळ गेलेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. काचबिंदू. हे त्यांना ठाऊक होतं आणि डॉक्टरला ठाऊक होतं. आम्हा दोघींना कळलं फार नंतर. तुम्ही मात्र हे धरूनच पुढचं ऐका, नाहीतर आम्ही चक्रावलो तसे तुम्हीही चक्रावाल.

माणूस कसा, तर नाकासमोर चालणारा. आवाज कधी चढवला नाही. शिकणारा चढावर गाडी बंद पाडून मागच्या टेम्पोच्या अंगावर निघाला तरी यांचं आपलं, "हं, सोडा आता. हळू. अजून हळू." चपलेचा तळ पातळ लागायचा, पेडल पायाला कळलं पाहिजे म्हणून. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या चुकीवर पाय ठेवून बसल्यामुळे उजवा पाय कायम तयारीत. घरात सोफ्यावर बसले तरी टीव्हीत कोणी जोरात गाडी हाणली की पाय दाबला जायचा. जेवताना ताई भाजीत मिठाचा हात सैल सोडायची तेव्हाही दाबला जायचा, हे मी टेबलाखाली वाकून खात्री करून घेतलेलं आहे.

अख्ख्या शहराला शिकवलं आणि बायकोला नाही. लग्नानंतर एकदा प्रयत्न झाला होता. दोनदा बरं चाललं. तिसऱ्या वेळी भर सिग्नलला ते म्हणाले, "आरसा बघ," आणि ताई म्हणाली, "बघितला." ते म्हणाले, "बघितला असतास तर दिसलं असतं." ताईनं हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि चालत घरी आली. मास्तर आपल्या सीटवर, गाडीत चालवणारं कोणी नाही, मागे हॉर्न. तेव्हापासून त्या विषयाला दोघांनी हात लावला नाही. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये जाते, बसनं जाते, बसनं येते.

तर असा हा माणूस, ज्यानं कधी सुट्टी घेतली नाही, एका दुपारी हात धुता धुता म्हणाला, "डोंगरात जाऊन येऊ या. नीट, सावकाश. गाडीनं फिरू, मधे मधे उतरून पायी चालू."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मी पोळी गिळली. एवढ्या वर्षांत ती किती वेळा म्हणाली असेल, कुठेतरी जाऊ या, कुठेतरी. उत्तर ठरलेलं: परीक्षांचा हंगाम आहे, पोरांचे परवाने अडकलेत. आता स्वतःहून डोंगर?

"कुठले डोंगर?" ताईनं विचारलं.

त्यांनी नकाशाच काढला. घडीच्या रेघा पडलेला, म्हणजे आधीपासून आणून ठेवलेला. एकमेकांना लागून असलेली तीन राष्ट्रीय उद्यानं, आणि त्यांना गुंफत जाणारा गोल रस्ता. हिवाळ्यात बंद, बर्फ वितळलं की उघडतो. तिसऱ्या उद्यानाच्या पोटात, गाडी जाते तिथून बरंच वर, एक तळं. तिथं पायीच जावं लागतं.

"हे तळं," ताई म्हणाली आणि तिचं बोट तिथंच राहिलं. लॅबमध्ये तिच्या टेबलासमोर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर ते होतं. वर्ष संपलं तरी तिनं ते काढू दिलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. सख्ख्या बहिणीला कळायला एवढा काळ लागतो.

मग काय, घराची रयाच गेली. जेवायच्या टेबलावर कायमचा नकाशा, आम्ही ताटं मांडीवर घेऊन बसायचो. ताईनं डोंगरात चालायचे बूट आणले आणि ते पायात मुरावेत म्हणून घरात घालून फिरायला लागली. वरच्या मजल्यावरून खडखड असा आवाज यायचा की माझं गिऱ्हाईक छताकडे बघायचं. पाठीवरच्या पिशवीचं ओझं अंगवळणी पडावं म्हणून माझ्या दुकानातली साबणाच्या पावडरची पाकिटं भरून जिना चढायची, उतरायची. एक पाकीट पिशवीतच फुटलं. नंतर आठवडाभर तिच्या घामाला लॅव्हेंडरचा वास येत होता.

मास्तर उद्यानांच्या कचेऱ्यांना फोन करायचे. फाटक किती वाजता उघडतं, वरची वाट कधी मोकळी होते, अस्वलं असतात का, असली तर डबे कुठं ठेवायचे. रोज संध्याकाळी एक मुक्काम पक्का करायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच बदलायचे.

इथूनच पाणी मुरायला लागलं. पहिल्या आखणीत दोन मोठ्या खिंडी होत्या. दुसऱ्या आखणीत एक. "त्या खिंडीत बोगदा आहे, आत दिवे नाहीत," मास्तर म्हणाले. ठीक. मग म्हणाले, संध्याकाळी गाडी चालवायची नाही, ऊन कलायच्या आत मुक्कामाला पोचायचं. त्यासाठी रोजचा टप्पा निम्मा झाला. मग म्हणाले, पहिल्या उद्यानातला तो अरुंद रस्ता नको, समोरून बस आली तर पंचाईत. तो गेला. मग उरलेली खिंडही गेली, तिच्याऐवजी खालून, नदीकाठानं, सपाटीवरून लांबचा वळसा.

ताईनं एके दिवशी नकाशावरून बोट फिरवलं. "अहो, यात डोंगर कुठं राहिला? आपण डोंगरांच्या भोवतीनं फिरून परत येतोय. देवळाबाहेर चपला सांभाळत बसल्यासारखं."

"दिसतील की लांबून."

"आणि तळं?"

"तळ्याला जाऊ. तिथं बससेवा आहे फाटकापर्यंत."

"एवढं आयुष्य गाडीत काढलेला माणूस बसनं जाणार?" मी म्हटलं. मला तोंड आवरत नाही. "भावोजी, तुम्ही म्हातारे झालात का घाबरट झालात, एक काय ते सांगा."

ते हसले. "दोन्ही," म्हणाले, आणि नकाशाची घडी घातली. ताई मात्र हसली नाही. ती नंतर खाली दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, "त्यांना यायचंच नाहीये गं. माझं मन मोडवत नाही म्हणून नुसतं कमी कमी करत चाललेत. एक दिवस काहीच उरणार नाही आणि म्हणतील, बघ, आता कशाला जायचं." तिचे डोळे भरून आले होते. मला मास्तरांचा भयंकर राग आला. खोटं कशाला सांगू, आजही तो सगळा गेलेला नाही, फक्त त्याचं कारण बदललं.

त्याच सुमारास शहरात मास्तरांच्या नव्या पद्धतीचं फार कौतुक चाललं होतं. ते आता शिकणाऱ्याला मोठ्यानं बोलायला लावायचे. जे दिसेल ते सांगायचं. उजवीकडून सायकल येतेय, पुढचा रिक्षावाला थांबतोय, कुत्रा, खड्डा, दुकानातून बाई बाहेर पडतेय. सगळं. शिकणाऱ्यांची नजर म्हणे इतकी तयार व्हायला लागली की परीक्षेत एकही जण नापास होईना. परवान्याच्या कचेरीतल्या साहेबानं मुद्दाम बोलावून विचारलं, मास्तर, हे कुठून सुचलं. मास्तर म्हणाले, "सुचलं आपलं."

बर्फ वितळायच्या सुमारास ताईनं हट्ट धरला: एकदा सामान भरून, आहे त्या गाडीनं, शहराबाहेरच्या टेकडीपर्यंत जाऊन येऊ. पिशव्या मावतात का, पाय किती चालतात, बघू तरी. मास्तरांनी दोन रविवार टाळलं. तिसऱ्या रविवारी ताई बूट घालूनच चहाला बसली, तेव्हा निघावं लागलं. घरची म्हणून वेगळी गाडी नव्हतीच, ती शाळेचीच. मास्तर स्टिअरिंगवर, ताई शेजारी, म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागेवर, आणि मी मागे पिशव्यांमध्ये कोंबलेली.

सकाळची वेळ, लख्ख ऊन, रस्ता मोकळा. मास्तर फार सावकाश चालवत होते. मला गंमत वाटली की ताई जे बोलेल त्याला ते हं हं करत होते, एरवी गाडीत बोललेलं त्यांना खपत नाही. मग आमच्याच भागातल्या चौकात, जिथं ते हजारदा वळले असतील, एक बाई उजवीकडून बाबागाडी ढकलत रस्त्यावर उतरली. अचानक नाही. आरामात उतरली, आमच्याकडे बघत उतरली, गाडीवर मास्तरांची पाटी बघून निर्धास्त उतरली. आणि मास्तरांनी वेग कमी केला नाही.

मी ओरडले का ते मला आठवत नाही. गाडी जागच्या जागी थांबली. पिशव्या माझ्या मानेवर आल्या. बाबागाडी आमच्या दिव्याच्या पुढ्यात, हात लांब केला तर लागेल अशी. ती बाई दांडा घट्ट धरून नुसती उभी राहिली, मग पुढे गेली.

मास्तरांचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. ब्रेक दाबला होता ताईनं. तो तिच्या पायाशी आहे हे तिला ठाऊक तरी होतं का, हे मी नंतर विचारलं. म्हणाली, "पाय गेला." जाडजूड नवा बूट, आणि तो अजून पेडलवरच दाबलेला. तिनं तो काढला नाही.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला ती दिसली नाही."

मास्तर पुढे बघत होते. "नाही."

"कधीपासून?"

मागून हॉर्न वाजायला लागले. मी उतरले आणि त्यांना हातानं बाजूनं जा म्हणून सांगत राहिले, कारण त्या गाडीत मला बसवेना. काचेतून दोघांची तोंडं दिसत होती. मास्तर बोलत होते, ताई ऐकत होती. गेल्या वर्षीपासून, हे मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाला होता, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जमेल तेवढी टिकवायची, आणि गाडी सोडावी लागेल. मास्तरांनी ते ऐकून घेतलं आणि पोटात ठेवलं. थेंबाची बाटली त्यांनी बाथरूममध्ये नाही, गाडीच्या कप्प्यात ठेवली होती. आणि डोंगर ठरवले ते त्या संध्याकाळी, दवाखान्यातून घरी येताना. आधी नकाशा घेतला, मग औषध घेतलं.

मी स्पष्टच बोलते: त्यांनी वर्षभर लोकांची पोरं त्या गाडीत बसवली, हे वाईट केलं. स्वतःला दिसेना म्हणून दुसऱ्याच्या तोंडानं रस्ता बघितला आणि लोकांच्या शाबासक्या घेतल्या. मी हे त्यांच्या तोंडावर म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परवान्याच्या कचेरीत गेले, साहेबाच्या टेबलावर आपला शिकवण्याचा परवाना ठेवला आणि कारणही सांगितलं. साहेब म्हणे खुर्चीवरून उठून उभा राहिला. मास्तर पायी घरी आले. छपरावरची पाटी त्यांनी स्वतः स्क्रू काढून उतरवली आणि ती कुठं ठेवावी ते न समजल्यामुळे माझ्या दुकानात आणून दिली. अजून ती हँगरच्या मागे आहे.

नकाशा त्यांनीच उचलला टेबलावरून. "झालं आता," म्हणाले.

ताई त्या आठवड्यात त्यांच्याशी फार कमी बोलली. त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेली, दोन तास थांबली, सगळं विचारलं. परत येताना माझ्या दुकानात टेकली. "दिवसभर काचेखाली लोकांच्या रक्तातले ठिपके मोजते मी," म्हणाली, "आणि घरातला माणूस मला दिसला नाही." मग नाक पुसलं, उठली आणि 'रिव्हर्सबाई'ला फोन लावला.

रिव्हर्सबाई ही मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. शिकताना तिला पुढचा गिअर काही केल्या सापडायचा नाही, म्हणून मास्तरांनी ठेवलेलं हे नाव. आता तिची स्वतःची शाळा आहे आणि तिनं पाटीवरसुद्धा तेच नाव लावलंय. ताई रोज कामावरून सुटली की तिच्याकडे. पहिल्यांदा आमच्या गल्लीत गाडी घेऊन शिरली तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मास्तर गॅलरीत उभे. गाडी गचके खात गेली. मी वर बघितलं, त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला असणार, पण तोंडानं काही बोलले नाहीत. ताई वर आली की विचारायचे, "आज चढ?" ती म्हणायची, "आज चढ." पुढे एक शब्द नाही. चाळिशी केव्हाच उलटलेली बाई, भीतीनं तळहात ओले व्हायचे तिचे, स्टिअरिंगला रुमाल बांधून चालवायची. पहिल्या परीक्षेत नापास झाली. दुसऱ्या वेळेला पास.

त्या संध्याकाळी तिनं नकाशा परत टेबलावर पसरला. खिंडी होत्या तशा घातल्या, दोन्ही. मास्तर म्हणाले, निदान शेजारचा ब्रेक असू दे, मी बसतो बाजूला. तिनं तो मेकॅनिककडून आधीच काढून घेतला होता. "तुम्हाला अर्धं दिसतंय आणि पाय पुरता चालतोय," म्हणाली. "अशा माणसाच्या पायाशी ब्रेक नको." मला हसू आलं. मास्तरांनाही आलं, त्या आठवड्यांत पहिल्यांदा.

मग ते कामाला लागले. मन लावून, डाव्या डोळ्याजवळ भिंग धरून. नवखा हात चालवणार म्हणून सगळा रस्ता त्यांनी डोंगराच्या अंगानं लावला: कुठल्या फाटकातून आत शिरायचं, गोल रस्त्यावर कुठल्या दिशेनं फिरायचं, म्हणजे गाडी कायम कड्याला चिकटून राहील आणि दरी पलीकडच्या बाजूला, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. मुक्काम त्या क्रमानं पक्के केले, फोन करून सांगितले. पेन्सिलीनं बाण काढले. मास्तरांचं काम म्हणजे काम. मला त्यात काही खोट काढता येईना.

ताईनं ते सगळं शांतपणे बघितलं. मग आपला डावा हात खिडकीसारखा त्यांच्या डाव्या गालाशी धरला.

"तुम्ही डावीकडे बसणार," ती म्हणाली. "या बाजूनं गेलो तर तुमच्या खिडकीतून काय दिसणार?"

"डोंगर."

"दगडाची भिंत दिसेल. हातभर अंतरावर. बाकी सगळं माझ्या बाजूला. दरी, बर्फ, समोरचे डोंगर. तुमच्या उजवीकडे."

"मान वळवीन की मी."

"किती वळवाल?"

ताईनं खोडरबर घेतला आणि बाण पुसायला लागली. एकेक पुसला आणि उलटा काढला.

"अगं, असं गेलं तर तू अख्खा रस्ता दरीच्या काठानं चालवशील," मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला मी. "कितीतरी ठिकाणी कठडा नाही. चार दिवस झाले नाहीत तुला परवाना मिळून. तुझे हात कापतात चढावर, मला माहीत आहे, रिव्हर्सबाईनं सांगितलंय मला."

"कापतात. मी खूप हळू चालवीन. मागचे शिव्या देतील, देऊ देत." ती बाण काढतच होती. "माझं काय, मी परत कधीही बघीन. या खेपेला मी रस्ता बघते. तुम्ही डोंगर बघून घ्या."

टेबलाशी आम्ही तिघं होतो आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मास्तरांनी भिंग उचललं, उलटे झालेले बाण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितले, मग फोन पुढ्यात ओढला.

"मग सगळे मुक्काम उलटे लावायला लागतील," ते म्हणाले.

"लावा," ताई म्हणाली. "अजून वेळ आहे."